ताटातुटीची पहिली रात्र आणि नंतरची वर्षं

२०२३ मध्ये ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा चित्रपट आला आणि एक समजूत आपल्याकडे घट्ट रुजली. हाताने भरवलं किंवा कुशीत झोपवलं, की नॉर्वेची बालकल्याण यंत्रणा मूल उचलून नेते, ही ती समजूत. एवढ्या कारणावरून मूल नेलं जात नाही, असं नॉर्वेच्या राजदूतांनी तेव्हाच जाहीरपणे लिहिलं होतं. मूल तत्काळ हलवलं नाही तर त्याचं गंभीर नुकसान होईल, असा धोका दिसावा लागतो, ही तातडीच्या ताब्यासाठी तिथल्या कायद्याची अट आहे. मारणं मात्र तिथे कायद्यानेच निषिद्ध आहे. आपण ज्याला ‘एक धपाटा’ म्हणून सोडून देतो तोही त्यात येतो, हे तिकडे जाणाऱ्या प्रत्येक मराठी घराने आधीच जाणून घ्यावं. बालकल्याण अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा असतो, हा दुसरा गैरसमज. तातडीचा आदेश तो स्वतः काढू शकतो, आणि ते योग्यच आहे; मार खाणारं तान्हं सुनावणीच्या तारखेची वाट पाहू शकत नाही. पण तो आदेश ४८ तासांत स्वतंत्र मंडळाकडून तपासून घ्यावा लागतो. पालकांना त्याविरुद्ध दाद मागता येते आणि सरकारी खर्चाने वकीलही मिळतो.

म्हणजे सगळं आलबेल आहे का? नाही. फक्त आपला राग चुकीच्या जागी आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या विस्तारित पीठाने १० सप्टेंबर २०१९ रोजी १३ विरुद्ध ४ मतांनी नॉर्वेला दोषी धरलं, ते मूल नेल्यानंतर घडलेल्या गोष्टींसाठी. या खटल्यातलं बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं असताना आईपासून दूर नेलं होतं. पुढे आईला भेट मिळे ती वर्षातून चार वेळा, दर खेपेला दोन तास. वर्षाचे आठ तास! शेवटी तिची संमती नसताना मूल दत्तक दिलं गेलं. तोवर तिचं लग्न झालं होतं आणि दुसरं मूल ती स्वतः सांभाळत होती; तरीही तिच्या क्षमतेची तज्ज्ञांकडून नव्याने तपासणी झाली नव्हती. इतक्या तुटपुंज्या भेटींवरून आईची पारख करता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

यावर गंभीर आक्षेप आहे. वर्षानुवर्षं सांभाळलेल्या घरात मूल रमलं, तर आईच्या हक्कासाठी त्याला पुन्हा का उपटायचं? हा प्रश्न मुलाच्या काळजीतूनच येतो, आणि अशा वेळी मुलाचं हित वर ठेवावं लागतंच. पण ते नवं घर इतकं आपलं का झालं, हेही विचारायला हवं. भेटी यंत्रणेनेच तोडल्या असतील, तर त्यातून आलेला परकेपणा पुढे आईविरुद्धचा पुरावा कसा ठरतो? आणि तातडीच्या ताब्यालाही सरसकट मोकळीक नाही. फिनलंडमध्ये नवजात बाळाला रुग्णालयातूनच नेलं, तेव्हा एवढ्या टोकाच्या पावलाला तितकंच असाधारण कारण लागतं, असं याच न्यायालयाने २००१ मध्ये सुनावलं होतं.

मार्च २०२० मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने मानवाधिकार न्यायालयाची ही भूमिका मान्य केली. मूल नेल्यानंतरही कुटुंब पुन्हा जोडण्यासाठी झटणं हे यंत्रणेचं कर्तव्य आहे, आणि भेटी ठरवताना तेच ध्यानात ठेवायचं आहे.