आजीला कोण भरवणार?

'तुंबाड' बघितलेल्या कुणालाही विचारा, बोलणं हस्तरवरच येतं. लाल अंगाचा, नाण्यांनी भरलेला लंगोट नेसलेला, पिठाच्या बाहुलीवर झडप घालणारा तो हस्तर. मला मात्र तो फारसा भीतिदायक वाटत नाही. माझी झोप उडवली ती सिनेमाच्या सुरुवातीच्या भागाने. त्यात हस्तरचं फक्त नाव आहे, आणि आहेत एक म्हातारी, एक लहान मुलगा आणि एक जेवणाची वेळ. गंमत म्हणजे हा प्रसंग मूळचा कोकणातला नाही. तुम्ही राहता त्या देशातून तो तिकडे गेला आणि फिरून परत आला. (पुढे कथानक फुटणार आहे. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.)

साल १९१८. तुंबाड गाव, न थांबणारा पाऊस. विनायक आणि सदाशिव हे दोघे भाऊ आईबरोबर राहतात. घरातल्या एका खोलीत साखळदंडाने बांधलेली एक म्हातारी आहे. तिला वेळेवर खायला घालायचं, ते झोपेतच. ती जागी झाली तर तिला हस्तरची भीती घालायची, की ती पुन्हा झोपते. एरवी हे काम आई करते. एक दिवस सदाशिव झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन धावते आणि भरवायची पाळी विनायकवर येते.

आता जरा आठवा. लहानपणी तुम्ही झोपत नसाल तेव्हा कुणीतरी म्हटलंच असेल, "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल." हे आजीने नातवाला म्हणायचं वाक्य. इथे ते नातवंडाच्या तोंडी आहे आणि झोपवायचं आहे म्हातारीला. अंगाई उलटी झाली आहे. भरवणंही उलटं झालं आहे, कारण घास देणारा हात चुकला तर तोच घास होणार. मराठी घरात प्रेम दाखवायची जी मुख्य पद्धत आहे, म्हणजे खाऊ घालणं आणि निजवणं, तिलाच इथे हात घातलाय. भुताला घराबाहेर ठेवता येतं हो. आजीला कुठे ठेवणार?

आता या प्रसंगाचा प्रवास. स्टीफन किंगची 'ग्रॅमा' नावाची कथा १९८४ साली आली आणि पुढच्या वर्षी 'स्केलेटन क्रू' या संग्रहात छापली गेली. ती घडते मेन राज्यात. मोठा भाऊ बेसबॉल खेळताना पाय मोडून घेतो, आई हॉस्पिटलला जाते आणि धाकटा जॉर्ज अंथरुणाला खिळलेल्या आंधळ्या आजीबरोबर घरात एकटा उरतो. सांगाडा ओळखीचा वाटला ना? नारायण धारपांनी या कथेवरून 'आजी' लिहिली. धारप (१९२५–२००८) म्हणजे मराठी भयकथेतलं सगळ्यात मोठं नाव. तुमच्या आईबाबांपैकी एकाने तरी त्यांची पुस्तकं रात्री पांघरुणात वाचलेली असणार. धारपांची गोष्ट राही अनिल बर्वेंनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली. पुढे पंचवीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, 'तुंबाड' प्रदर्शित झाला.

हस्तर हे नावसुद्धा याच वाटेने आलं. किंगच्या कथेत जॉर्जची मावशी त्याला फोनवर सांगते, की आजीला हॅस्टरच्या नावाने झोपायला सांग. किंगलाही हे नाव वारशातच मिळालेलं. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९१ साली ते एका गोष्टीत वापरलं होतं, आणि त्याचा हॅस्टर चक्क मेंढपाळांचा दयाळू देव होता! मग रॉबर्ट चेंबर्स, लव्हक्राफ्ट आणि ऑगस्ट डर्लेथ यांच्या हातून जाताना तो देव हळूहळू काळवंडत गेला. म्हणजे 'पुराणातला कुठला हा देव?' असं कुणी विचारलं तर उत्तर आहे: कुठलाच नाही.

पण नाव उसनं असलं तरी भूक आपली आहे. जॉर्जला भीती वाटते ती आजी मिठी मारायला बोलावते याची. ती भीती स्पर्शाची आहे: म्हाताऱ्या शरीराचा वास, आणि त्याची किळस येते म्हणून मनात येणारा अपराधीपणा. 'तुंबाड'मध्ये सगळं अन्नाभोवती फिरतं. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याने सोनं मिळवलं, पण धान्याला हात घालताच बाकीचे देव तुटून पडले. आईने त्याला वाचवलं खरं, पण तो कायमचा उपाशी राहिला. म्हणून त्याला पिठाच्या बाहुलीने फसवता येतं. भरलेल्या कोठाराजवळ उपाशी बसलेला पोरगा ही कल्पना दुष्काळ बघितलेल्या मुलखात किती खोल जाते, हे वेगळं सांगायला नको.

भरवण्याची हीच भीती माझ्या आवडत्या आणखी दोन सिनेमांत आहे. विशाल फुरियाचा 'लपाछपी' (२०१७) मराठीच आहे. गरोदर नेहा उसाच्या फडांमधल्या एका घरात राहायला जाते आणि तिथली तुळसाबाई तिची अगदी मायेने काळजी घेते. पोटुशीचे लाड होतात, पण ते नेमके कुणाचे, आईचे की पोटातल्या 'मुलग्या'चे? स्त्रीभ्रूणहत्येवरचे कितीतरी माहितीपट जे करू शकले नाहीत ते उषा नाईकांचं नुसतं हसणं करून जातं. (हिंदीतला 'छोरी' बघून थांबू नका.) दुसरा, बिशाल दत्ताचा 'इट लिव्ह्ज इनसाइड' (२०२३), अमेरिकेतल्या शाळेत घडतो. समिधाने 'सॅम' होण्यासाठी आपल्या देशी मैत्रिणीला, तमीराला, तोडलंय. तमीरा एक बरणी छातीशी धरून फिरते, तिच्यात पिशाच आहे, आणि ती त्याला कच्चं मांस भरवते. सिनेमा शेवटाकडे ढिला पडतो, राक्षस दाखवायची घाई नडते. पण जे सांभाळायला लाज वाटते ते एकटीच सांभाळणारी ती मुलगी विसरता येत नाही.

'तुंबाड'मध्ये विनायक पंधरा वर्षांनी परत येतो. म्हातारी अजून जिवंत आहे. साखळ्यांची आता गरज उरलेली नाही, कारण तिच्या अंगातून झाड उगवलंय. इतकी वर्षं तिला कुणी खायला घातलेलं नाही आणि तिला मरणही येत नाही. (मेकअपखाली मोहम्मद समद हा मुलगा आहे, जो पुढे विनायकच्या मुलाचं, पांडुरंगचं, काम करतो. आधी माहीत असेल तर ते दृश्य आणखीच विचित्र वाटतं.) ती सुटका मागते, तो खजिन्याचा रस्ता मागतो. तुमच्याही घरी रात्री अकरा वाजता भारतात फोन लागत असेल, आणि पहिला प्रश्न असत असेल की आजीने नाश्ता नीट केला का, तिच्याजवळ आज कोण आहे. हे दृश्य बघताना मला तोच फोन ऐकू येतो. विनायक खोलीत शिरतो, आणि हा एक प्रश्न सोडून बाकी सगळं तिला विचारतो.