प्रौढांना इंग्रजी शिकविणे हाही एक हुन्नर

घोटीचा भातगिरणीवाला असो, कापड दुकानदार असो की गॅरेजवाला, जी.एस.टी.ची नोटीस किंवा बँकेचा करारनामा इंग्रजीत हाती पडला की सही आपली आणि वाचणारा दुसरा, अशी स्थिती होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुदींशी पत्रव्यवहारासाठी त्यांची लिपी शिकण्यास सांगितले होते. व्यवहारात दुसऱ्याच्या वाचनावर विसंबू नये, हाच त्यातील धडा.

म्हणून आपले बांधव चाळिशीतही इंग्रजीचा क्लास लावतात. तेथे लहान मुलांचे पुस्तक समोर आले, चारचौघांत चूक काढली गेली, की शरमेने क्लास सुटतो आणि फी बुडते. दोष बुद्धीचा नसतो. कापडाची पारख असणारा प्रत्येक जण शिंपी नसतो, तसे इंग्रजी येणारा प्रत्येक जण शिक्षक नसतो.

या कामाचे रीतसर प्रशिक्षण असते. जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली लंडनमध्ये असा छोटा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच परंपरेतील केंब्रिजचा ‘सेल्टा’ अभ्यासक्रम किमान १२० तासांचा आहे. त्यात उमेदवाराला ६ तास खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवून दाखवावे लागते, अनुभवी शिक्षकांचे ६ तास पाहावे लागतात आणि ४ लेखी कामे करावी लागतात. आपल्या देशात हैदराबाद येथे १९५८ साली इंग्रजी अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. आज ती ‘इफ्लू’ विद्यापीठ आहे.

प्रशिक्षित शिक्षक विद्यार्थ्याची अडचण ओळखतो. ‘मी कापड विकतो’ या वाक्यात मराठीत क्रियापद शेवटी येते, उर्दूतही तसेच. इंग्रजीत ते मधे येते: ‘आय सेल क्लॉथ’. उर्दू शाळेत शिकलेल्याचा हात उजवीकडून डावीकडे वळलेला असतो. हे जाणणारा शिक्षक दुकानातील बिलावरूनच धडा सुरू करतो आणि स्वतः कमी बोलून विद्यार्थ्याला अधिक बोलावतो.

तेव्हा फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: शिक्षकाने प्रौढांना शिकविण्याचे प्रशिक्षण घेतले आहे काय? त्यात प्रत्यक्ष शिकविण्याचा सराव होता काय? आमच्या धंद्याची कागदपत्रे वर्गात घेणार काय? आणि आपल्या समाजातील पदवीधर मुला-मुलींनीही या हुन्नराचा विचार करावा. गावोगावी त्याची गरज आहे.