मेहर

मेहर : मुस्लिम विवाहाच्या करारान्वये पतीने पत्नीस द्यावयाची रक्कम वा मालमत्ता. ‘सदाक’ ही त्याची दुसरी अरबी संज्ञा. मराठीत त्यास कधी ‘वधूमूल्य’, तर कधी ‘स्त्रीधन’ म्हणतात. हे दोन्ही प्रतिशब्द सदोष होत. वधूमूल्य वधूच्या पित्यास मिळते, मेहरवर खुद्द वधूची मालकी असते. स्त्रीधनात माहेरच्या देणग्याही येतात, मेहर हे केवळ पतीकडील येणे असते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक अधिनियमाने हुंड्याच्या व्याख्येतून मेहर वगळला आहे.

इस्लामपूर्व अरबस्तानात महर वधूच्या पालकास व सदाक वधूस दिला जाई, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. कुराणाच्या चौथ्या सुरेत स्त्रियांना त्यांचा सदाक खुशीने द्यावा व दिलेले धन, मग ती सोन्याची रास का असेना, परत घेऊ नये, अशी आज्ञा आहे. खलीफा उमर यांनी मेहरवर कमाल मर्यादा घालण्याचे योजिले असता एका स्त्रीने याच वचनाच्या आधारे त्यांना अडविले, अशी कथा परंपरेत सांगतात. किमान मर्यादेबाबत मतभेद आहेत. हनफी पंथात ती १० दिरहम (सु. ३०.६ ग्रॅ. चांदी) आहे, कोकणी मुसलमान ज्या शाफी पंथाचे अनुयायी आहेत, त्यात ती नाही. लोखंडाची अंगठी किंवा कुराणाचे शिक्षणही मेहर म्हणून चालू शके, असे हदीसवरून दिसते. ‘मेहर-इ-फातिमी’ ५०० दिरहमांचा मानला जातो. भारतात त्याचा हिशेब सामान्यतः १३१¼ तोळे, म्हणजे सु. १.५३ किग्रॅ. चांदी असा करतात.

मागणी करताच देय होणारा तो मुअज्जल आणि तलाक वा मृत्यू यांमुळे विवाह संपुष्टात आल्यावर देय होणारा तो मुवज्जल मेहर. रक्कम ठरली नसली तरी हक्क बुडत नाही. पितृकुलातील स्त्रियांचे मेहर पाहून उचित रक्कम (मेहर-इ-मिस्ल) ठरवितात. सहवासापूर्वी तलाक झाल्यास ठरलेल्या मेहरचा अर्धा भाग मिळतो. न दिलेला मेहर हे पतीवरील कर्ज असून वारसांच्या वाटण्यांपूर्वी ते फेडावे लागते. कायदेशीरपणे ताब्यात आलेली पतीची मालमत्ता विधवेस हे कर्ज फिटेपर्यंत राखून ठेवता येते, परंतु विकता येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने मैनाबीबी खटल्यात (१९२५) स्पष्ट केले.

व्यवहारात मात्र या हक्कास दोन बाजूंनी बाध येतो. प्रतिष्ठेसाठी न पेलणारे आकडे लिहिण्याची प्रथा काही भागांत होती. अयोध्या प्रांतात तर अवाजवी मेहर कमी करण्याचा अधिकार १८७६ च्या अधिनियमाने न्यायालयांस दिला होता. याउलट, अन्यत्र नाममात्र रक्कम ठरवून तीही पुढे ‘माफ’ करवून घेतली जाते. माफी स्वेच्छेची असावी लागते. पतीच्या शवापाशी शोकाकुल विधवेकडून वदवून घेतलेले शब्द तशी माफी ठरत नाहीत.

याहून मोठे नुकसान रुपयाच्या घसरणीने होते व ते सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १९४० पूर्वीच्या एक रुपयाच्या नाण्यात सु. १०.७ ग्रॅ. चांदी असे; त्या काळी ठरलेला पाचशे रुपयांचा मेहर नाण्यांच्या रूपाने पाच किग्रॅ.हून अधिक चांदीचा होता. तोच आकडा पन्नास वर्षांनी मुवज्जल मेहर म्हणून हाती पडल्यास महिन्याचा घरखर्चही भागणे कठीण. शाहबानो खटल्यातील विवाह १९३२ चा व तलाक १९७८ चा. पतीने मेहरपोटी न्यायालयात भरलेली रक्कम ३,००० रुपये होती. एवढ्याने निर्वाहाची जबाबदारी संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला.

त्यामुळे मुवज्जल भाग सोन्याचांदीच्या वजनात किंवा घर, जमीन अशा स्थावर रूपात ठरविणे अधिक हिताचे. मुअज्जल भाग पतीच्या तत्कालीन ऐपतीत बसणारा असावा व शक्यतो निकाहच्या वेळीच द्यावा. दोन्ही भाग निकाहनाम्यात वेगळे नोंदविणे अगत्याचे आहे. तसे न केल्यास शिया विधीनुसार संपूर्ण मेहर मुअज्जल समजतात, तर सुन्नींमध्ये रूढी व कुटुंबाचा दर्जा पाहून न्यायालय विभागणी करते. घटस्फोटितेस थकलेला मेहर १९८६ च्या अधिनियमान्वये दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करूनही वसूल करता येतो.