मोरींतील चिंच आणि चुलींतील राख

शेतकऱ्याच्या घरांत जी वस्तु विकत आणावी लागत नाहीं, तिची किंमत कोणी वहींत मांडीत नाहीं. चिंच झाडाची, लिंबू परसांतलें, राख चुलीची आणि काथ्या नारळाचा. ह्या चारांवर आमच्या खारबावांतील घरांची भांडीं पिढ्यान्‌पिढ्या लखलखत आलीं. सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरीं १८८८ सालीं उतरल्या व निरमा पावडर १९६९ सालीं निघाली. तत्पूर्वीं आपलीं घरें अस्वच्छ होतीं असें नाहीं. हल्लीं घरगुती साधनांकडे लोकांचें लक्ष पुन्हां वळत आहे, ही इष्ट गोष्ट होय. परंतु कोणती वस्तु कशावर चालते हें न जाणतां ती वापरली तर लाभ राहून हानि होते. तसा प्रसंग माझ्याच घरीं घडला, म्हणून हा लेख.

दिवाळीपूर्वींची सफाई चालली होती. सूनबाईनें मोरींतील शेवाळ काढण्यासाठीं ब्लीचिंग पावडर टाकली. डाग राहिले म्हणून त्यावरच चिंचेचा कोळ व लिंबाचा रस ओतून, दार लोटून ती घांसूं लागली. थोड्याच वेळांत ती खोकत बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतें व घशांत आग होत होती. मोकळ्या हवेंत बसविल्यावर व डोळे भरपूर पाण्यानें धुतल्यावर तिला आराम पडला. मग ती म्हणाली, “मामंजी, आपण चिंच रोज आमटींत घालतों, तिच्यानें असें कसें झालें?” सातबाराचे उतारे लिहिण्यांत जन्म गेलेल्या कारकुनापाशीं ह्याचें उत्तर नव्हतें. तें शोधतां शोधतां जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

महसूल खात्यांत जमिनीची प्रत पाहून आकार बसवितात. तशी मळाची प्रत पाहून साधन निवडावें. तांब्यापितळेवरील काळे-हिरवे डाग व बंबांत बसणारा पाण्याचा पांढरा थर हे आंबट वस्तूंनीं निघतात. चिंच, लिंबू, आमसूल, आंबट ताक ह्या सर्वांत आम्ल असतें आणि तें डाग विरघळवितें. मूठभर चिंच ऊन पाण्यांत भिजवून कोळ काढावा, त्यांत चमचाभर मीठ घालावें, काथ्यानें समई किंवा कळशी घांसून लगेच धुवावी व कोरडी पुसावी. कोळ तसाच राहूं दिल्यास नवे डाग पडतात. कल्हईच्या बाजूस चिंच व मीठ जोरानें घांसूं नये. कल्हई झिजून तांबें उघडें पडतें व त्यांत ठेवलेलें आंबट अन्न कळकतें. शहाबादी लादीवरही आंबट पदार्थ टाकूं नये. ती फरशी चुनखडीच्या जातीची असल्यामुळें आम्लानें खरवडली जाते व तिचा तकाकीपणा नाहींसा होतो.

तेलकट मळास आंबट उपयोगी नाहीं. तेथें क्षार पाहिजे. लांकडाच्या राखेंत तो असतोच. चाळलेली राख तुपातेलाच्या भांड्यास लावून घांसल्यास तेल सुटतें. भाताच्या तुसांची राख फार खरखरीत असते, कारण तींत वाळूच्याच जातीचें द्रव्य पुष्कळ असतें; ती लोखंडी तव्यास उत्तम, परंतु स्टीलवर ओरखडे पाडते. अल्युमिनियमवर राख व धुण्याचा सोडा दोन्हीं वर्ज्य. भांडें काळवंडतें व झिजतें.

लोकरी व रेशमी कपड्यांस रिठा योग्य. दहाबारा रिठ्यांचीं सालें लिटरभर पाण्यांत रात्रभर भिजत घालून सकाळीं उकळावीं, कुसकरून पाणी गाळून घ्यावें व दोन दिवसांत संपवावें. हें पाणी डोळ्यांत जाऊं देऊं नये. ज्या तळ्यांत मासे आहेत तेथेंही तें ओतूं नये, कारण रिठ्याचा फेस माशांस विषासमान आहे. झाडाचें फळ म्हणून तें सर्वांस निरुपद्रवी असें समजणें चूक होय.

कित्येक घरीं लिंबाचा रस व खाण्याचा सोडा एकत्र करितात. फेस पाहून मोठें काम झालेंसें वाटतें. वस्तुतः आंबट व क्षार एकमेकांस मारतात, वायु उडून जातो आणि मागें बहुतेक खारट पाणीच उरतें. तुंबलेली नळी थोडी हलावयास तो फेस कामीं येईल. एरव्हीं दोन्हीं जिनसा वेगवेगळ्या वापराव्या.

आतां सूनबाईच्या प्रश्नाकडे येऊं. ब्लीचिंग पावडरींत क्लोरीन बांधलेला असतो. आंबट पदार्थ मिळतांच तो विषारी वायु मोकळा होतो, मग तें आम्ल चिंचेचें असो कीं बाटलींतलें. गोठ्यांतही सावध असावें: सांचलेल्या गोमूत्रांत अमोनिया असतो व त्यावर ही पावडर पडल्यास दुसरे घातक वायु निघतात. गोठा प्रथम भरपूर पाण्यानें धुवावा. कोणाचा दम कोंडल्यास त्यास तत्काळ मोकळ्या हवेंत न्यावें, डोळे धुवावे व त्रास न थांबल्यास वैद्यकीय मदत घ्यावी. मात्र घरांत जुलाबाची सांथ असतां चिंच-लिंबावर विसंबूं नये. तेथें उकळतें पाणी किंवा एकटी ब्लीचिंग पावडरच पाहिजे.

मोरीचें पाणी आपण परसांतील अळूस व केळीस सोडतों. मीठ व सोडा पुष्कळ वापरल्यास तीच माती खारावते आणि खाडीकांठच्या जमिनीस तर खार मूळचाच असतो. सबब तें पाणी आळ्यांत सोडूं नये. राखेचें सौम्य धुवण चालतें.

आमच्या घरीं आतां मोरीच्या भिंतीवर खडूनें लिहिलें आहे: “आंबट आणि ब्लीचिंग एका दिवशीं नाहीं.” सूनबाईनें तें स्वतः लिहिलें. वाचकांनींही आपल्या घरीं तेवढी एक ओळ लिहावी, अशी विनंति आहे.