हातोडा पडला तो पडला!

१९ डिसेंबर २०२३. दुबईत आयपीएलचा लिलाव ऐन रंगात होता. मिचेल स्टार्कवर २४.७५ कोटी उधळून कोलकाता मोकळं झालं होतं आणि आता किरकोळीचे सौदे सुरू होते. लिलाव पुकारणाऱ्या मल्लिका सागर यांनी नाव घेतलं : शशांक सिंग, मूळ किंमत २० लाख. पंजाब किंग्जच्या टेबलावरून पॅडल वर गेलं. दुसरं कुणी हललं नाही. हातोडा पडला. पुढच्या खेळाडूचं नाव पुकारलं गेलं आणि मग पंजाबच्या टेबलावर चुळबुळ सुरू झाली. हा तो नव्हे! मल्लिकाबाईंनी विचारलं, खेळाडू नको आहे का? पण हातोडा पडून गेला होता. नियमापुढे इलाज नव्हता.

आमच्या रायपुरात त्या संध्याकाळी जो संताप झाला तो विचारू नका. कारण ‘तो नव्हे’ असलेला शशांक आमचा होता! जन्म भिलाईचा, खेळतो छत्तीसगडकडून. मधली काही वर्षं मुंबईच्या संघातही काढलेली. जेमतेम काही आठवड्यांपूर्वी विजय हजारे स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने १५२ धावा ठोकल्या होत्या आणि त्याच सामन्यात ५ बळीही घेतले होते. एकाच लिस्ट ए सामन्यात दीडशे धावा आणि पाच बळी, असं करणारा तो पहिला भारतीय. एवढं करूनही ‘हा कोण?’

पंजाबने दुसऱ्या दिवशी खुलासा केला. यादीत एकाच नावाचे दोन शशांक होते, त्यामुळे गोंधळ उडाला. हवा होता तोच मिळालाय. खुलासा खरा मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा. शशांकने मात्र माझ्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार, एवढंच लिहिलं आणि विषय मिटवला.

आणि मग ४ एप्रिल २०२४. अहमदाबाद. गुजरातच्या १९९ धावांचा पाठलाग करताना पंजाबचे मोठे मोठे मोहरे गळाले आणि २० लाखांच्या शशांकने २९ चेंडूंत नाबाद ६१ करून सामना काढला. त्याच महिन्यात ईडन गार्डन्सवर २६२ धावांचं लक्ष्य गाठून पंजाबने टी-ट्वेंटीचा विश्वविक्रम केला, तेव्हा बेअरस्टोच्या शतकासोबत शशांकच्या नाबाद ६८ होत्या, अवघ्या २८ चेंडूंत. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ३५४ धावा होत्या. त्यानंतरच्या महालिलावाआधी पंजाबने जवळपास अख्खा संघ मोडीत काढला आणि फक्त दोघांना राखलं. त्यातला एक शशांक. किंमत साडेपाच कोटी! चुकून घेतलेल्या मालाचा भाव साडेसत्तावीस पट. २०२५च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूविरुद्ध पंजाब ६ धावांनी हरलं, तेव्हा शेवटपर्यंत नाबाद ६१ धावांवर झुंजत होता तोही हाच.

नावात बरंच काही

नावाच्या घोळाचा हा छत्तीसगडी विक्रम पहिलाच नव्हे. दुर्गमध्ये जन्मलेला डावखुरा हरप्रीत सिंग भाटिया २०१७ साली सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत धो धो धावा करून लिलावाला सामोरा गेला. त्याच दिवशी सकाळी बातमी झळकली : एका क्रिकेटपटूने मुंबईत अंधेरी स्टेशनच्या फलाटावर मोटार घातली. बातमीत नाव आणि फोटो हरप्रीतचा. प्रत्यक्षात त्याचा त्या प्रकरणाशी सुतराम संबंध नव्हता. नंतर माफी मागितली गेली, पण लिलाव काय थांबतो? त्याचं नाव पुकारलं गेलं आणि एकाही टेबलावरून पॅडल वर झालं नाही. बातमीमुळेच, असं आजही अनेकांचं म्हणणं. पुढे बेंगळुरूने जखमी सर्फराज खानच्या जागी त्याला बोलावलं खरं, पण मैदानात काही उतरवलं नाही.

हरप्रीत २०१२ साली पुणे वॉरियर्सकडून आयपीएल खेळला होता. त्यानंतरचा सामना थेट एप्रिल २०२३मध्ये, पंजाबकडून! दोन आयपीएल सामन्यांमध्ये जवळपास ११ वर्षांचं अंतर. एवढ्या काळात पुणे वॉरियर्स हा संघच नामशेष झाला होता.

अमेरिकेत उलटी रांग

लिलाव हा आपला खाक्या. अमेरिकन फुटबॉलवाले एनएफएलमध्ये ‘ड्राफ्ट’ करतात. ३२ संघ, सात फेऱ्या आणि नियम असा की गेल्या हंगामात जो सर्वांत खाली राहिला, त्याने कॉलेजच्या पोरांमधून सर्वांत आधी निवडायचं. नापास झाल्याचं बक्षीस! १९३६च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टची कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक आणि त्यांचाच संघ तळाला होता, हा योगायोग समजावा. पहिला हक्क त्यांचाच. त्यांनी निवडला जे बरवँगर. हा पठ्ठ्या एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पैशांचं जमलं नाही म्हणून त्याने खेळाला रामराम ठोकला.

बरं, शेवटी निवडला जातो त्याचं काय? त्याला तिथे ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’, म्हणजे श्रीयुत बिनकामाचे, असा किताब देतात आणि त्याचा मिरवणुकीसकट सत्कारही करतात. २०२२चे श्रीयुत बिनकामाचे होते ब्रॉक पर्डी, २६२वी निवड. दोन हंगामांत ते संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. आणि सात सुपर बोल जिंकणारा टॉम ब्रेडी? २००० साली २५४ खेळाडूंच्या यादीत १९९वा! म्हणजे त्याच्याआधी १९८ जण संघांना जास्त गरजेचे वाटले होते.

तिथे सगळी चर्चा याच ‘गरजे’भोवती फिरते. डाव्या बाजूचा रक्षक हवा की वेगवान पळणारा? जागा भरायची की उपलब्धांतला सर्वोत्तम उचलायचा? वर्तमानपत्रं महिनोन्‌महिने यावर रकाने भरतात. आपल्याकडे हा प्रश्न एकदाच नेमका त्या स्वरूपात पुढे आला होता आणि त्याचं उत्तर ऐकलं की दिल्लीकर अजून कपाळावर हात मारून घेतात.

दिल्लीला कोहली नको होता

मार्च २००८. विराट कोहलीच्या नेतृत्वाखाली भारताने नुकताच १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेला. या पोरांसाठी आयपीएलने लिलाव ठेवला नाही, चक्क ड्राफ्ट ठेवला. दिल्ली डेअरडेव्हिल्सला कोहली घेता येत होता, घरचाच पोरगा. पण त्यांच्याकडे सेहवाग, गंभीर, शिखर धवन, डिव्हिलियर्स असे फलंदाज आधीच खच्चून भरले होते. हवा होता डावखुरा वेगवान गोलंदाज. त्यांनी प्रदीप सांगवान घेतला. कागदावर गरज अगदी बरोबर ओळखली होती! कोहली बेंगळुरूला गेला आणि अजून तिथेच आहे.

याचा दुसरा अंक रायपुरात घडला. नवा रायपूरचं शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम हे दिल्लीचं ‘दुसरं घर’ होतं. २०१३, २०१५ आणि २०१६ या तीन हंगामांत दिल्लीने यजमान म्हणून इथे सामने खेळले. २२ मे २०१६ रोजी इथे दिल्ली आणि बेंगळुरू समोरासमोर आले. जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. दिल्लीच्या १३८ धावा झाल्या. कोहलीने नाबाद ५४ करून आरामात सामना संपवला आणि दिल्लीला दिल्लीच्याच ‘घरी’ घरी बसवलं. त्या हंगामात त्याने ९७३ धावा केल्या. प्रेक्षकांमध्ये दिल्लीचा पाठीराखा कमी आणि कोहलीचा जास्त होता, हे वेगळं सांगायला नको.

मुंबईने धोनीला का सोडलं?

याचं उत्तर गणितात आहे. २००८च्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाकडे ५० लाख डॉलर होते. सचिन, गांगुली, द्रविड, युवराज, सेहवाग या पाच ‘आयकॉन’ खेळाडूंवर बोली लागत नव्हती. त्यांना संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे, असा नियम होता. धोनी १५ लाख डॉलरवर पोचला. मुंबईने तो घेतला असता, तर सचिनला सव्वासतरा लाख द्यावे लागले असते. दोघांतच सव्वाबत्तीस लाख खर्च! उरलेल्या पावणेअठरा लाखांत अख्खा संघ कसा उभा करायचा? चेन्नईकडे आयकॉनच नव्हता, त्यामुळे हात मोकळा आणि धोनी तिकडे गेला. मुंबईचा सर्वांत महाग सौदा ठरला जयसूर्या, ९ लाख ७५ हजार डॉलरचा.

तोच धोनी २०२५मध्ये ‘अनकॅप्ड’, म्हणजे देशाकडून न खेळलेला, ठरला! पाच वर्षं भारतासाठी न खेळलेला भारतीय खेळाडू अनकॅप्ड धरायचा, असा जुना नियम परत आला आणि दोन विश्वचषक जिंकणारा कर्णधार नवख्या पोरांच्या खात्यात ४ कोटींना बसला.

बंद पाकीट, उशिरा आलेला पाहुणा वगैरे

२०१० साली पोलार्डसाठी एकापेक्षा जास्त संघ साडेसात लाख डॉलरच्या कमाल मर्यादेला येऊन थडकले. मग काय? ज्याने त्याने चिठ्ठीवर गुपचूप आकडा लिहून द्यायचा! मुंबईचा आकडा मोठा निघाला. गंमत म्हणजे मर्यादेवरचे पैसे पोलार्डला मिळालेच नाहीत, ते आयोजकांच्या तिजोरीत गेले.

२०११मध्ये ख्रिस गेलला कुणीही विचारलं नाही. हंगाम सुरू झाल्यावर बेंगळुरूचा डर्क नॅनेस जायबंदी झाला म्हणून गेलला बोलावणं धाडलं. आल्या आल्या त्याने कोलकात्याविरुद्ध शतक ठोकलं आणि ६०८ धावांसह ऑरेंज कॅप पटकावली.

डिसेंबर २०२५मध्ये अबू धाबीला कॅमेरून ग्रीन २५.२० कोटींना गेला. त्याला हातात मिळणार मात्र १८ कोटीच, कारण छोट्या लिलावात परदेशी खेळाडूच्या मानधनाला तेवढीच मर्यादा आहे. वरचे पैसे बीसीसीआयच्या खेळाडू कल्याणाकडे. आणि हा अष्टपैलू गडी यादीत होता निव्वळ ‘फलंदाज’ म्हणून. मॅनेजरने फॉर्म भरताना चुकीच्या रकान्यात खूण केली, असं खुद्द ग्रीननेच सांगितलं.

श्रेयस अय्यर या आपल्या मुंबईकराचा २६.७५ कोटींचा विक्रम किती टिकला? काही मिनिटं. जेद्दाहमध्ये लगेचच ऋषभ पंत २७ कोटींना लखनौला गेला.

आमची स्वतःची खरेदी

२०१६मध्ये छत्तीसगडला बीसीसीआयचं पूर्ण सदस्यत्व मिळालं आणि रणजीला संघ उतरवायची वेळ आली. पोरं होती, उत्साह होता, पण अनुभवाच्या नावाने शंख. बाहेरच्या राज्यांतले खेळाडू करारावर आणायची मुभा रणजीत असतेच. कर्णधार म्हणून मोहम्मद कैफ आला, तोवर उत्तर प्रदेश आणि आंध्र फिरून झालेला. प्रशिक्षक आला मुंबईहून : सुलक्षण कुलकर्णी, मुंबईला रणजी जिंकून दिलेला माणूस. इथल्या तात्यापाऱ्यातल्या मराठी मंडळींना केवढा आनंद! रांचीत त्रिपुराविरुद्धचा पहिलाच रणजी सामना छत्तीसगडने ९ गडी राखून जिंकला.

पंचवीस पंचवीस कोटींच्या गप्पा मारताना अजय मंडलसारख्यांना विसरू नये. चेन्नईने या छत्तीसगडच्या अष्टपैलूला २० लाखांना घेतलं, मैदानात संधी दिली नाही. पण रवींद्र जडेजाने त्याला बॅट भेट दिली. अशा पोरांसाठी संघाबरोबर नेटमध्ये काढलेले दोन महिनेच मोठी कमाई असते.

लिलावाचं वेड आता तळापर्यंत झिरपलंय. कबड्डीत २०१९ साली कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई १.४५ कोटींना तेलुगू टायटन्सकडे गेला. महाराष्ट्र प्रीमियर लीगमधला ऋतुराज गायकवाडचा ‘पुणेरी बाप्पा’ हा संघ २०२३ साली विकत घेतला तो मसालेवाल्यांनी. प्रवीण मसालेवाल्यांचे १४.८ कोटी, तीन वर्षांसाठी. (ऋतुराजचं पहिलं वनडे शतक रायपूरचं, डिसेंबर २०२५, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०५, सामना मात्र आपण ३५८ करूनही हरलो.)

आणि आमची छत्तीसगड क्रिकेट प्रीमियर लीग? २०२४मध्ये सुरू झाली, सहा संघ आणि नावं ऐका : रायपूर ऱ्हायनोज, बिलासपूर बुल्स, राजनांदगाव पँथर्स, सरगुजा टायगर्स, बस्तर बायसन्स, रायगढ लायन्स. अख्खं प्राणिसंग्रहालय! बस्तरच्या जंगलात गवे आहेत, सरगुजाच्या बाजूला वाघही दिसतो, बिलासपूरच्या बैलांचं तर विचारूच नका. पण रायपूरला गेंडा कुठून आला? राज्यपशू आहे रानम्हैस. ती मात्र अजून अनसोल्डच.