गळ्यातील ग्रंथी आणि यकृताची साक्ष

कला शाखेच्या मुलीने रक्तातील प्रथिनांवर लेख लिहावा, याचे आमच्या वर्गातही काहींना हसू आले. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे विजेचे बिल असो, सात-बाराचा उतारा असो की रक्ततपासणीचा रिपोर्ट असो, "काय लिहिलंय ते वाच गं," म्हणून कागद माझ्याच हाती येतो. तेथे शाखा कोणती, हे कोणी विचारीत नाही. असाच एक रिपोर्ट वाचताना जे समजून घ्यावे लागले, ते येथे मांडीत आहे.

गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. मराठी ग्रंथांत तिला अवटु ग्रंथी म्हटले आहे. दवाखान्यात मात्र सारे थायरॉइडच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. वजन जेमतेम २० ग्रॅम. पण शरीराची चूल किती पेटती ठेवावयाची, हे तिच्या हाती असते. अन्नातले आणि मिठातले आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक बनविते. त्याच्या रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, म्हणून रिपोर्टात त्याला टी-४ म्हणतात. त्यातला एक अणू गळून पडला की टी-३ तयार होते, आणि पेशींतले काम मुख्यतः तेच करते. अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी २५ डिसेंबर १९१४ रोजी थायरॉक्सिन प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. नाताळच्या दिवशीही हा मनुष्य प्रयोगशाळेत होता!

ही चूल प्रमाणाबाहेर भडकली की छाती धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते आणि भरपूर खाऊनही वजन उतरत जाते. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. या रोगाचे मुख्य रूप डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये वर्णन केले. शरीराने स्वतःच निर्माण केलेली प्रतिद्रव्ये ग्रंथीला सारखा चाबूक मारीत राहतात, हे त्याचे कारण पुढे कळले. आमच्याकडे अशा बाईला 'खाल्लेलं अंगी लागत नाही, दृष्ट लागली' म्हणतात आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकतात. त्यात वेळ जातो तो जातोच.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. थायरॉक्सिन पाण्यात नीट विरघळत नाही. रक्तातून ते हिंडते ते वाहनात बसून, आणि ही वाहने म्हणजे प्रथिने होत. मुख्य वाहने तीन. थायरॉक्सिन-बंधक ग्लोब्युलिन हे त्यांतले प्रमुख; एकूण थायरॉक्सिनपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के तेच वाहून नेते. उरलेले ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिन यांच्यावर असते. रक्तातल्या या तिन्ही वाहनांचा कारखाना गळ्यात नसून यकृतात आहे. संप्रेरक बनते एका गावी आणि त्याच्या गाड्या बनतात दुसऱ्याच गावी, असा हा प्रकार आहे.

एस.टी.त बसलेला मजूर शेतात काम करीत नाही; तो उतरतो तेव्हाच करतो. तसेच प्रथिनावर बसलेले थायरॉक्सिन काम करीत नाही, सुटे झालेलेच पेशीत शिरते. आणि सुटे किती असावे? दहा हजारांत अवघे ३ रेणू! बाकीचे ९,९९७ गाडीतच असतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी यावर लक्ष ठेवून असते, पण ती मोजते फक्त उतरलेल्यांना. ते कमी झाले की ती टीएसएच नावाचे संप्रेरक वाढवून थायरॉइडला कामाला लावते. ते जास्त झाले की टीएसएच आखडते घेते. म्हणूनच चूल भडकलेल्या बहुतेक रोग्यांत टीएसएच जवळजवळ शून्यावर आलेले आढळते.

मग एवढ्या गाड्यांचा खटाटोप निसर्गाने कशासाठी केला? याचे एक सुंदर उत्तर १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सापडते. उंदराच्या यकृतातून किरणोत्सर्गी खूण केलेले थायरॉक्सिन सोडण्यात आले. प्रथिनांवाचून सोडले तेव्हा वाटेवरच्या पहिल्या काही पेशींनीच ते सारे गिळंकृत केले, मागच्यांना काही उरले नाही. प्रथिनांसह सोडले तेव्हा मात्र ते सर्व पेशींना सारखे मिळाले. पंगतीत वाढपी नसला म्हणजे पातेल्याजवळ बसलेल्यांचेच फावते. तेच येथे दिसले. शिवाय गाडीत बसलेला साठा लगेच संपत नाही. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हावयास सुमारे ७ दिवस लागतात.

परंतु याच व्यवस्थेमुळे रिपोर्ट वाचणारा फसू शकतो. माझी वहिनी सहा महिन्यांची गरोदर असताना तिच्या रिपोर्टात एकूण टी-४ पुढे १५.८ हा आकडा होता आणि शेजारी मर्यादा छापली होती १२ पर्यंतची. आकड्याखाली जाड रेघ. आईने देव पाण्यात घातले, आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्या माहितीतल्या कोणा बाईच्या गळ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगून वहिनीला रडविले. डॉक्टरीणबाईंनी मात्र दुसरे दोन आकडे पाहिले. टीएसएच नेमस्त होते, सुटे टी-४ ही नेमस्त होते. "गाड्या वाढल्यात, उतरणारे तेवढेच आहेत," या अर्थाचे त्या काहीतरी बोलल्या. एस.टी.ची उपमा मला तेथूनच सुचली.

गरोदरपणी इस्ट्रोजेन वाढते. त्यामुळे थायरॉक्सिन-बंधक ग्लोब्युलिनच्या अंगावरील शर्करेच्या साखळ्या बदलतात आणि ते रक्तात अधिक काळ टिकून राहते. गाड्या वाढल्या की बसणारेही वाढतात आणि एकूण टी-४ नेहमीच्या सुमारे दीडपट होते. गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेननेही असेच घडते. छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांची असते. अर्थात गरोदरपणी खरा रोग होतच नाही, असे नव्हे. तो झाला व उपचाराविना राहिला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. म्हणूनच निवाडा एका आकड्यावर न करता तिन्ही आकड्यांवर आणि बाईच्या नाडीवर करावयाचा असतो.

याहून विलक्षण प्रकार अल्ब्युमिनचा आहे. या प्रथिनाच्या माळेत ५८५ मणी असतात, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. काही घराण्यांत २१८ वा मणी बदललेला असतो. एवढ्याने अल्ब्युमिन थायरॉक्सिनला फार घट्ट धरू लागते. एकूण टी-४ वाढते, आणि काही यंत्रे तर सुटे टी-४ सुद्धा खोटेच वाढलेले दाखवितात. माणूस ठणठणीत असतो, टीएसएच नेमस्त असते. पण कागदावर तो रोगी! अशा माणसांना अनावश्यक औषधे दिल्याची, इतकेच काय, निरोगी ग्रंथी नष्ट केल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ग्रंथी गेली की जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते. एका मण्यापायी!

उलट काहींना जन्मतःच थायरॉक्सिन-बंधक ग्लोब्युलिन नसते. त्यांचे एकूण टी-४ फार कमी दिसते, तरी प्रकृतीला काहीही झालेले नसते.

येथवर यकृत घोटाळा घालणारे वाटले असेल; पण तेच यकृत साक्षीदारही आहे. लैंगिक संप्रेरके वाहून नेणारे एक प्रथिनही यकृत बनविते. त्याचे नाव एसएचबीजी. थायरॉइडचे संप्रेरक खरोखरच पेशींत जास्त पोहोचले की यकृत हे प्रथिन अधिक बनवू लागते. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून बसते. चूल भडकलेल्या काही पुरुषांची छाती वाढते, त्यामागे हेही एक कारण आहे.

या साक्षीचा खरा उपयोग होतो तो एका दुर्मीळ पेचात. कधी कधी सुटे टी-४ वाढलेले असूनही टीएसएच खाली येत नाही. मग दोन शक्यता उरतात. एक, पीयूषिका ग्रंथीत गाठ होऊन ती टीएसएच ओतीत सुटली आहे; दुसरी, जन्मजात दोषामुळे पेशी संप्रेरकाला दादच देत नाहीत. पहिल्यात यकृताला वाढीव संप्रेरक जाणवते आणि एसएचबीजी बहुधा वाढते. दुसऱ्यात यकृतही बधिर असते, म्हणून ते सहसा वाढत नाही. गाठीवर शस्त्रक्रिया करावयाची की डोक्याला हातच लावावयाचा नाही, एवढा मोठा फरक आहे हा. मात्र ही साक्षही उलटतपासणीवाचून घेत नाहीत. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी आणि यकृताच्या काही विकारांनी एसएचबीजी वाढते, लठ्ठपणात ते घटते. गरोदरपणी तर ते आपोआपच अनेक पटींनी वाढलेले असते, तेव्हा गरोदर बाईच्या बाबतीत डॉक्टर ही साक्ष काढीतच नाहीत.