पलंग, शेगडी आणि आरटीओ

समृद्धी महामार्गावर जालन्याजवळ एमएच-21 पासिंगची एखादी कॅम्पर व्हॅन थांबली, की बघ्यांचा पहिला प्रश्न आतल्या पलंगाचा असतो आणि दुसरा किमतीचा. नंबरप्लेटकडे कुणी बघत नाही. कराचं गणित मात्र तिथूनच सुरू होतं.

केंद्र सरकारच्या 5 नोव्हेंबर 2004 च्या अधिसूचनेत कॅम्पर व्हॅन चक्क दोन्ही याद्यांत आहे. परिवहन वाहनांत 'कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर' आणि बिगरपरिवहन वाहनांत 'खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर'. गाडी तीच, पण वापरानुसार वर्ग बदलतो.

घरच्यांना फिरवायला असेल तर पांढरी पाटी आणि 15 वर्षांची नोंदणी. भाड्याने दिली की पिवळी पाटी, परमिट आणि फिटनेस. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. राज्याचा वाहन कर 1958 च्या कायद्याने, वर्ग बघूनच ठरतो.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत सिंक बसवणारे हौशी इथेच अडकतात. नुसती शेगडी ठेवून बस कॅम्पर होत नाही! मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीतला मोठा बदल आरटीओच्या मंजुरीने करून आरसीवर नोंदवावा लागतो.